परीक्षेच्या हंगामातील पाणपक्षी

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि त्याच्या शिक्षणसंस्थांमुळे ओळखले जाते. जानेवारीत विवेकानंद जन्मोत्सवाची गर्दी ओसरली की गावातील विद्यार्थ्यांसमोर फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा उभ्या राहतात, आणि नेमक्या याच दिवसांत विदर्भातील जलाशयांवर हिमालयापलीकडून आलेले चक्रवाकासारखे पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात. अभ्यासाचा ताण सर्वाधिक असण्याचा काळ आणि निसर्ग-छायाचित्रणाचा उत्तम काळ असे एकमेकांवर येतात; गावाजवळच कोराडी प्रकल्पाचा जलाशय असल्यामुळे एखाद्या सकाळी एकट्याने कॅमेरा घेऊन बाहेर पडणे येथे सहज शक्य आहे.

अशा फेरीने मनाला विसावा का मिळतो, याचे एक उत्तर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी 1989 मधील आपल्या ग्रंथात मांडले आहे. त्यांच्या मते अवधान, म्हणजे एखाद्या गोष्टीवर मन लावण्याची क्रिया, दोन प्रकारचे असते: पाठ्यपुस्तक वाचताना इतर सर्व ओढी दाबून मन हेतुपूर्वक एका जागी धरून ठेवावे लागते आणि ही शक्ती वापराने थकते, तर पाण्यावरील तरंग किंवा हलणारी पाने मनाला आयास न देता आपोआप वेधून घेतात, आणि तेवढ्या वेळात थकलेली शक्ती भरून येते. त्याच विद्यापीठात केलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वनोद्यानातून फिरून आलेल्यांची आकडे उलट्या क्रमाने सांगण्याची क्षमता सुधारलेली आढळली, मात्र शहरातील रस्त्यांवरून तेवढेच चालून आल्यावर तशी सुधारणा दिसली नाही. सारखे वाचूनही डोक्यात काही न शिरण्याच्या अवस्थेला घरोघरी आळस म्हटले जाते; तो बहुधा या शक्तीचा थकवा असतो आणि त्याबद्दल मुलांना रागावणे अन्यायाचे आहे.

यात कॅमेऱ्याची भर हिताचीच ठरेल असे मात्र गृहीत धरता येत नाही. लिंडा हेंकेल या संशोधिकेने संग्रहालयात नेलेल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या वस्तूंची नुसती छायाचित्रे काढली त्या वस्तू विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. परंतु ज्यांच्या एखाद्या भागावर झूम करून चित्र घेतले होते, त्यांची आठवण उणावली नव्हती. या भेदातच सगळे मर्म आहे. धडाधड शंभर चित्रे टिपणारा पाहण्याचे काम यंत्रावर सोपवतो, तर एका पक्ष्याच्या डोळ्यातील प्रकाशबिंदूसाठी थांबणारा स्वतः पाहत असतो, आणि ताण हलका करणारी गोष्ट हे थांबणेच आहे.

थांबण्याची शिकवण वेडा राघू या हिरव्या, चिमणीएवढ्या पक्ष्याकडून उत्तम मिळते. तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसून तो उडत्या कीटकावर झेप घेतो, बहुतेक वेळा त्याच बैठकीवर परततो आणि मधमाशी पकडली असल्यास फांदीवर आपटून व घासून तिच्या नांगीचे विष काढून टाकतो. म्हणून जाणता छायाचित्रकार पक्ष्यामागे न धावता मोकळ्या फांदीवर भिंग स्थिरावून श्वास आवरून बसतो. उडत्या पक्ष्याचे स्पष्ट चित्र हवे असेल तर झडप, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश आत घेणारा पडदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ उघडावी लागते. इतक्या अल्प वेळात पुरेसा प्रकाश यावा यासाठी भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे लागते, आणि छिद्र मोठे केले की मागचा हरभऱ्याचा मळा धूसर होऊन पक्षी तेवढा उठून दिसतो. जानेवारीत येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचा तासभर तिरपे, मऊ ऊन पिसांचा पोत उलगडून दाखवते.

महागडा कॅमेरा नसणे ही अडचण नव्हे, कारण मोबाइलला दूरचा चक्रवाक झेपत नसला तरी तुरीच्या झाडावरील कोळ्याचे दवाने भरलेले जाळे तो सुंदर टिपतो. फक्त त्याचे नेटवर्क बंद ठेवावे, अन्यथा अभ्यासगटाचे निरोप पाणंदीतही पाठलाग करतात.

एकट्याने जाण्यामागे कारण आहे: सोबत असली की बोलणे सुरू होते आणि बोलण्याने पक्षी उडतात. तथापि एकटेपणाची मर्यादा कडक असावी. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार हे वसतिगृहात किंवा घरी सांगितलेले असावे, जलाशयाच्या ओल्या गाळात पाऊल टाकू नये, आणि अंधारात शेताचा धुरा ओलांडू नये, कारण रानडुकरे व रोही, म्हणजे नीलगाई, यांना अडवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारांत बेकायदा वीज सोडलेली असते. बिबट्या आणि अस्वले असलेले याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य एकट्या विद्यार्थ्याची जागा नव्हे. तेथे वनविभागाच्या नियमांनुसारच जावे. उल्कापाताने बनलेले आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले लोणारचे सरोवर परीक्षेनंतरच्या सहलीसाठी राखून ठेवावे.

घरट्याजवळ जाणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हे मात्र कोणत्याही चित्रासाठी क्षम्य नाही. विणीच्या काळात त्रासलेला पक्षी अंडी सोडून जातो.

काठावरची एकच जागा ठरवून दर आठवड्याला तेथूनच चित्र घेतले आणि वहीत दिनांक, वेळ व दिसलेले पक्षी नोंदवले, तर पाण्याची रेषा हळूहळू मागे सरकताना, उघड्या पडलेल्या गाळावर लांब तांबूस पायांचे शेकाटे उतरताना, आणि शेवटचा पेपर होईपर्यंत चक्रवाकांची संख्या घटत जाताना दिसते. मार्चअखेर बहुतेक चक्रवाक लडाख, तिबेटच्या दिशेने निघून गेलेले असतात आणि धुऱ्यावरचा पळस फुललेला असतो.