क्राउन-पिनियन बदलू का?

मागच्या कार्यक्रमानंतर एका बचत गटाचा प्रश्न आला. गटाने आमसुलं, काजूगर आणि आंब्याच्या पेट्या पोचवायला जुनी जीप घेतली आहे. गॅरेजवाल्याने सांगितलं, "डिफरन्शियलमधली क्राउन-पिनियन बदलूया, अ‍ॅव्हरेज वाढेल." खर्च मोठा आहे, पैसा सगळ्यांचा आहे, आणि गाडी महिन्यातून दोनदा घाट चढून कोल्हापूरला जाते. बदलावी का?

उत्तर देण्याआधी शिलाई मशीनकडे बघूया. पायाखालचं चाक मोठं, वरचं लहान. पायाने मोठं चाक एकदा फिरवलं की वरचं लहान चाक कितीतरी वेळा फिरतं आणि सुई धावते. इथे आपण वेग मिळवतो आणि जोर खर्च करतो. गाडीत नेमकं उलट असतं. इंजिन भराभर फिरतं, पण त्याच्या एका फेऱ्यात जोर थोडा. म्हणून लहान दातेरी चाकाने मोठं दातेरी चाक फिरवायचं. फेरे कमी होतात, जोर त्याच पटीने वाढतो. जात्याचा खुंटा मधाजवळ असला तर दळताना हात भरून येतात आणि कडेला असला तर हलकं जातं, त्यातलाच हा हिशोब.

गाडीत ही जोर वाढवायची जागा दोन ठिकाणी असते. पहिली गिअरबॉक्स. तिथे ड्रायव्हर दांडा हलवून पट बदलतो: पहिल्यात जोर जास्त, वरच्या गिअरमध्ये कमी. दुसरी जागा मागच्या एक्सलच्या मधोमध दिसणाऱ्या गोल फुग्यात. तेच डिफरन्शियल. त्यात लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवते, आणि हा पट चालता गाडीत बदलता येत नाही. डिफरन्शियलचं आणखी एक काम आहे, ज्यावरून त्याला नाव मिळालं. खळ्यात मळणीला बैल बांधले की खुंटाजवळचा सावकाश चालतो आणि कडेच्याला धावावं लागतं. वळणावर गाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या चाकाचं तसंच होतं. दोघांना आपापल्या चालीने फिरू देणं हे त्याचं काम. पण आपला आजचा प्रश्न पटाचा आहे.

दोन्ही जागांचे पट एकमेकांना गुणले जातात, इथेच सगळी मेख आहे. महिंद्राने आपल्या देशात वर्षानुवर्षे बांधलेली सीजे-३बी जीप घ्या. तिच्या क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला ८, म्हणजे पट ५.३८. गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८ चा. गुणाकार केला की १५. इंजिनाचे पंधरा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. वरचा गिअर सरळ, एकास एक, म्हणून तिथे एकूण पट ५.३८ च राहतो. (४३ आणि ८ असे अडनिडे आकडे मुद्दाम घेतात. तेच ते दोन दाते पुन्हा पुन्हा एकमेकांवर आले तर झीज एका जागी होईल. असे आकडे असले की प्रत्येक दात्याची गाठ प्रत्येक दात्याशी पडते.)

आता थोडा वेळ शर्यतीच्या गाड्यांकडे जाऊया, कारण या हिशोबावर सगळ्यात जास्त डोकं त्यांच्या मालकांनी खपवलं आहे. इंग्लंडची एमजीए नावाची दोन माणसांची उघडी गाडी १९५५ साली आली. तिचं इंजिन आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. तिच्या डिफरन्शियलचा पट ४.३. चढणीच्या शर्यतीला जाणाऱ्याला कारखान्यातून ४.५५ चाही मिळायचा. १९६२ साली तिची धाकटी बहीण एमजीबी आली. इंजिन मोठं केलं होतं आणि चाकं १५ इंचांची १४ इंच केली होती. चाक लहान झालं की एका फेऱ्यात गाडी कमी अंतर जाते. म्हणून पटही ३.९ वर आणला. इंजिन, चाक आणि पट असे एकमेकांना धरून बदलले.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या कोकणातच या. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हन या जुन्या इंग्लिश गाडीच्या धर्तीवर रोडस्टर बांधली. ही कंपनी उभी करणाऱ्या दोघांपैकी एक शमा बोथे, म्हणजे बाईमाणूस, हे मुद्दाम सांगते. रोडस्टरमध्ये १.८ लिटरचं इसुझू इंजिन, अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसामध्ये बसायचं तेच. आता विचार करा, अ‍ॅम्बेसेडरमध्ये ते इंजिन अख्खं कुटुंब आणि टपावरच्या ट्रंका ओढायचं. फायबरच्या हलक्या दोन माणसांच्या गाडीत त्याला ओझंच नाही. इंजिन एक असलं तरी ओझं बदललं की लागणारा पट बदलतो. आपल्या शेजारी गोव्यातही नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म ही छोटी उघडी गाडी बनली, पण तिचं डिफरन्शियल पुढे गिअरबॉक्सच्याच पेटीत, त्यामुळे ते मोकळं काढून बदलायचा प्रश्नच नाही.

आता गटाची जीप. समजा ५.३८ काढून ४.२७ ची क्राउन-पिनियन बसवली. जुन्या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे २४०० फेरे मारायचं, ते आता १९०० मारेल. आवाज कमी, तेल कमी. गॅरेजवाला खोटं बोलत नाही. पण पहिल्या गिअरचा पंधराचा पट बारावर आला. ओढीचा पाचवा हिस्सा गेला, आणि तो फक्त पहिल्या गिअरमधून गेला नाही, प्रत्येक गिअरमधून गेला. भरलेल्या पेट्या घेऊन करूळ किंवा फोंडा घाट चढताना जिथे दुसऱ्यात गाडी जायची तिथे पहिला टाकावा लागेल. वळणावर थांबलात तर पुन्हा निघताना क्लच जळेल. आमच्याकडे म्हणतात तसं, घाटात गेल्यार गाडी कळता.

उतरणीची गोष्ट मला चढणीपेक्षा जास्त काळजीची वाटते. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. पट कमी झाला की ती धरही तेवढीच सैल होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात या जीपचा वेगाचा काटा डिफरन्शियलच्या आधीच्या भागातून फिरतो, त्याला मागचा बदल कळत नाही. काटा चाळीस दाखवेल तेव्हा गाडी पन्नासच्या वेगात असेल.

मग अ‍ॅव्हरेज वाढवायचंच नाही का? जुन्या एमजी सांभाळणारे लोक काय करतात ते बघा. ते डिफरन्शियलला हात लावत नाहीत, पाच गिअरची गिअरबॉक्स बसवतात. पाचवा गिअर ०.८२ सारखा, एकाहून कमी. आपल्या जीपला तो पट लावला तर साठच्या वेगाला इंजिनाचे फेरे १९५० च्या आसपास येतात, म्हणजे क्राउन-पिनियन बदलून मिळालं असतं जवळजवळ तेच. आणि घाटातला पहिला गिअर शाबूत. अट एवढीच की नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर जुन्या २.८ पेक्षा कमी पटाचा नको. खर्च यातही आहे, शाफ्टची लांबी बदलावी लागते, ते विचारून घ्या. तुमची गाडी बहुतेक मालवण-कणकवली-कुडाळ एवढीच फिरत असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

गाडीत आत्ता कोणता पट आहे तेही नक्की करा. जुन्या गाडीत कोणी काय घातलं असेल सांगता येत नाही. सपाट जागा बघा, बाकीच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, कारण या जीपचा हँडब्रेक शाफ्टलाच धरतो आणि तो सोडावा लागतो. गिअर न्यूट्रलमध्ये, फोर-व्हीलचा दांडा काढलेला. मागचं एकच चाक उचला आणि जॅकच्या भरवशावर न राहता एक्सलखाली स्टँड द्या. शाफ्टवर खडूची रेघ मारा. एकीने उचललेलं चाक वीस वेळा फिरवायचं, दुसरीने बाजूने वाकून शाफ्टचे फेरे मोजायचे, खाली शिरायचं नाही. दुसरं चाक थांबलेलं असल्यामुळे वीस फेऱ्यांना क्राउन दहाच वेळा फिरते. शाफ्टचे फेरे ५३-५४ आले तर पट ५.३८. ४२-४३ आले तर आधीच कोणीतरी बदललेली आहे. टायरही बघा. मूळ मापापेक्षा दहा टक्के उंच टायर घातला असेल तर ५.३८ ची गाडी ४.९ सारखी ओढते.

तरीही बदलायचं ठरलं, किंवा झिजली म्हणून बदलावीच लागली, तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. त्या एकमेकींवर घासून जुळवलेल्या असतात. एका जात्याचा वरचा दगड दुसऱ्या जात्याच्या खालच्या दगडावर बसत नाही, तसंच.

आणि जीप फोर-व्हील असेल तर तिला पुढेही डिफरन्शियल आहे. मागचं एकट्याचंच बदललं तर फोर-व्हील लावल्यावर पुढची चाकं एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने फिरू बघतील. किनाऱ्यावर रेतीत ती घसरून भागवून घेतील. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, तिथे शाफ्ट नाहीतर दाते तुटतात. म्हणून गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च एका डिफरन्शियलचा की दोन्हींचा, हे पैसे देण्याआधी विचारा.