'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे

'गिव्ह अप' या इंग्रजी जोडक्रियापदात 'देणे' आणि 'वर' असे सुटे अर्थ शोधून हाती काही लागत नाही. दोन्ही मिळून अर्थ होतो सोडून देणे. बेळगावकडचे निपाणी हे तंबाखूच्या बाजाराचे गाव, तेव्हा उदाहरण तिथलेच घ्यावे: 'ही गेव्ह अप टोबॅको', त्याने तंबाखू सोडून दिली. नुसत्या 'सोडली'पेक्षा 'सोडून दिली'त निकाल लागल्याचा ठामपणा जास्त. तंबाखू तो ठामपणा मानतेच असे नाही, हा भाग वेगळा.

बेळगावकडच्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये. कन्नडमध्येही याच अर्थी 'बिट्टुबिडु' म्हणतात. मराठी आणि कन्नड दुसरे क्रियापद जोडतात, इंग्रजी मात्र 'अप'सारखे छोटे अव्यय.

खरा घोळ वापरात होतो. पुढे क्रिया आली तर 'गिव्ह अप स्मोकिंग' म्हणावे, 'गिव्ह अप टू स्मोक' नव्हे. नाम 'अप'च्या आधी किंवा नंतर चालते. सर्वनाम मात्र मध्येच हवे: 'गिव्ह इट अप'. पुढे कर्मच नसेल तर अर्थ हार मानणे. एसटीत म्हाताऱ्यासाठी जागा सोडणे, पोलिसांना शरण जाणे, यांनाही हेच क्रियापद लागते. 'गिव्ह इन' निराळे. त्यात समोरच्याच्या दबावापुढे नमणे असते.