विश्लेषण : सॉलोमन बेटांवर चीन-अमेरिका चढाओढ का? स्थानिकांच्या सुरक्षेचे काय?

प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांना स्वतःचे लष्कर नाही. लोकसंख्या जेमतेम आठ लाखांच्या आसपास. तरीही एप्रिल २०२२ मध्ये या देशाने चीनशी सुरक्षा करार केला आणि वॉशिंग्टनपासून कॅनबेरापर्यंत खळबळ उडाली. या चढाओढीचे मूळ मात्र बेटांमधील जुन्या भांडणातही आहे.

बेटांचे महत्त्व का?

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, सुमारे दोन हजार किलोमीटरवर हा द्वीपसमूह आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला जोडणारे सागरी मार्ग याच परिसरातून जातात. दुसऱ्या महायुद्धात जपानने येथील ग्वाडलकनाल बेटावर धावपट्टी बांधायला घेतली, तेव्हा ती ताब्यात घेण्यासाठी अमेरिकेने ऑगस्ट १९४२ पासून फेब्रुवारी १९४३ पर्यंत घनघोर लढाई केली. त्याच धावपट्टीच्या जागी आज राजधानी होनिआराचा विमानतळ आहे. ‘येथे दुसऱ्या सत्तेचा तळ नको’ ही ऑस्ट्रेलियाची भीती तेव्हापासूनची.

अंतर्गत वाद काय?

होनिआरा शहर ग्वाडलकनाल बेटावर आहे. शेजारच्या, दाट वस्तीच्या मलैता बेटावरून रोजगारासाठी हजारो लोक येथे येऊन स्थायिक झाले. जमीन कोणाची, नोकऱ्या कोणाला, यावरून १९९८ मध्ये सशस्त्र संघर्ष पेटला. हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. जून २००० मध्ये मलैताच्या सशस्त्र गटाने थेट पंतप्रधानांना ओलीस ठेवले. अखेर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली प्रशांत देशांचे शांतता पथक दाखल झाले, ते २०१७ पर्यंत राहिले. बंदुका गोळा झाल्या. जमीन आणि विकासाच्या असमान वाटपाचा प्रश्न कायम राहिला.

चीनचा प्रवेश कसा झाला?

सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान मनासे सोगावारे यांनी तैवानशी असलेले ३६ वर्षांचे संबंध तोडून चीनला मान्यता दिली. मलैता प्रांताचे तत्कालीन प्रमुख डॅनियल सुइदानी यांनी त्याला उघड विरोध केला. जुन्या वादाला अशी आंतरराष्ट्रीय किनार मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये होनिआरात सोगावारेंविरोधी निदर्शनांचे पर्यवसान दंगलीत झाले. चायनाटाउनमधील दुकाने जाळण्यात आली, तेथे तीन मृतदेह सापडले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजी आणि पापुआ न्यू गिनीने पोलीस व सैनिक पाठवले. त्यानंतर पाच महिन्यांतच चीनशी करार झाला.

करारात काय आहे?

अधिकृत मसुदा जाहीर झालेला नाही. मार्च २०२२ मध्ये फुटलेल्या मसुद्यानुसार, सॉलोमन सरकार सामाजिक सुव्यवस्था राखण्यासाठी चीनकडून पोलीस आणि सैनिक मागवू शकते. चिनी जहाजांना थांबा व रसद मिळू शकते. चीनला लष्करी तळ दिला जाणार नाही, असे सोगावारे सांगत राहिले. पण सुव्यवस्था कोणापासून राखायची, हे सत्तेत असलेले सरकार ठरवणार, हाच विरोधकांचा आक्षेप होता.

प्रतिक्रिया काय उमटली?

अमेरिकेने १९९३ मध्ये बंद केलेला होनिआरातील दूतावास फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडला. त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या पापुआ न्यू गिनीशी संरक्षण करार केला. जुलैत सोगावारेंनी बीजिंगमध्ये पोलीस सहकार्याचा करार केला. मे २०२४ मध्ये जेरेमाया मानेले पंतप्रधान झाले. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने सॉलोमन पोलीस दलासाठी १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. म्हणजे दोन्ही बाजूंकडून मदतीचा ओघ पोलिसांकडेच.

बेटांना फायदा की तोटा?

दोन्हीही. चढाओढीमुळे छोट्या देशांची घासाघीस करण्याची ताकद वाढली. मे २०२२ मध्ये चीनने दहा प्रशांत देशांसमोर ठेवलेला सामायिक करार त्यांनी एकमत नसल्याचे सांगून बाजूला ठेवला. पण धोक्याची व्याख्या बाहेरचे करतात. प्रशांत द्वीप मंचाच्या २०१८ च्या बोए जाहीरनाम्याने सर्वांत मोठा धोका हवामान बदलाचा असल्याचे म्हटले आहे, कोणत्याही देशाच्या नौदलाचा नव्हे.

भारताने काय पाहावे?

भारताने २०१४ मध्ये १४ प्रशांत द्वीपराष्ट्रांशी सहकार्याचा मंच सुरू केला. त्याची तिसरी शिखर परिषद मे २०२३ मध्ये पोर्ट मोर्सबी येथे झाली. आरोग्य आणि पाण्यासारख्या गरजांवर त्यात भर होता. मालदीवमध्ये २०२४ साली भारतीय लष्करी कर्मचारी माघारी बोलवावे लागले, तेव्हाही तेथील अंतर्गत राजकारणच निर्णायक ठरले होते. बेटांवरची सत्ता बदलते, तसे करारही डळमळतात. होनिआराची २०२१ ची दंगल परक्या युद्धनौकांमुळे पेटली नव्हती. जमीन, रोजगार आणि दुर्लक्षित प्रांताचा राग निवळत नाही, तोवर बंदोबस्तासाठी कोणाचे पोलीस आले, याने फारसा फरक पडणार नाही.