महागडी बेस गिटार घेताना आधी मान पाहा

चांदूर रेल्वेत बसून लाख-दोन लाखांची बेस गिटार घ्यायची असेल, तर आधी वऱ्हाडची हवा ध्यानात घ्या. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. पावसाळ्यात ते फुगतं, मान वाकते. म्हणून पैसा नक्षीवर न घालता अनेक पट्ट्या जोडलेल्या किंवा कार्बन फायबरच्या सळया बसवलेल्या मानेवर घाला.

चार तारी बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पाच तारीची ३१ वेळा. इतका खर्ज स्वच्छ उमटायला तारेला लांबी लागते. १९५१ च्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसपासून ३४ इंच रूढ आहेत. पाच तारीला ३५ बरे.

प्रत्येक फ्रेट वाजवून बघा. एखादा सूर चटकन विझला, तर ती गिटार घेऊ नका.