ठसा आणि चेहरा (भाग 5) : पटाशीने घडवलेला म्हातारा

मागच्या भागात लाकडी ठशाचे साधे गणित पाहिले. फळीचा जो भाग खोदून काढला तो कागदावर कोरा राहतो, जो राखला तो काळा उमटतो. आता हे गणित एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर लावून पाहू.

हा म्हातारा म्हणजे लुडविग शामेस, फ्रँकफुर्टचा ज्यू कलाव्यापारी. 1918 साली त्याचे डोके लाकडात कोरले चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरने. महायुद्धात सैन्यात गेलेला किर्शनर मनाने पार कोलमडला होता आणि 1917 पासून स्वित्झर्लंडच्या दावोसला राहत होता. त्या पडत्या काळात त्याची चित्रे मांडणारा आणि विकणारा माणूस म्हणजे शामेस. तेव्हा हा ठसा उपकाराच्या जाणिवेतून आलेला आहे.

तरीही त्यात गोडवा शोधू नका. ठसा सुमारे 57 सेंटिमीटर उंच आणि जेमतेम 26 सेंटिमीटर रुंद. त्या अरुंद पट्टीत डोके उभे ताणले आहे, खाली लांब दाढी आणि मागे एक नग्न स्त्रीमूर्ती. चेहऱ्यावर छायेचे मऊ थर नाहीत. आहेत ते पटाशीचे आखूड, टोकदार घाव.

हे घाव असे का, याचे निम्मे उत्तर लाकडात आहे. सुतारकाम करणारा कोणीही सांगेल की सागवानाच्या फळीवर तंतूंच्या दिशेने पटाशी सरसर जाते. आडवी घातली की अडते आणि जोर केला तर ढलपी उडते. गालाची गोलाई कोरायची तर प्रत्येक वळणावर तंतू आडवे येणारच. जुने कारागीर हा अडथळा कसबाने लपवत. किर्शनर आणि त्याच्या सोबत्यांनी 1905 मध्ये ड्रेस्डेनला ‘ब्रुके’ हा गट काढला, आणि त्यांनी तो लपवणेच सोडून दिले. वळण मोडले तर मोडू दिले.

शेजारी नंदलाल बोस यांचा 1930 चा ‘बापूजी’ ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, हातात काठी, दांडीच्या वाटेवरचे गांधीजी. तेही साठीचे. पण तो ठसा लिनोलियमवर कोरलेला. लिनोला तंतू नसतात, हत्यार हवे तिकडे वळते, म्हणून तिथली रेषा चालणाऱ्या माणसासारखी सलग जाते. शामेसची रेषा अडखळते, तुटते, पुन्हा सुरू होते.

उरलेले निम्मे उत्तर चित्रकाराच्या निवडीत आहे. किर्शनरसारख्या अभिव्यक्तिवाद्यांना चेहरा हुबेहूब नको होता. त्या माणसासमोर आपल्याला काय वाटते ते हवे होते. डोके ताणल्याने शामेस हास्यास्पद होत नाही, उलट त्याला भारदस्तपणा येतो. नाझींना मात्र हेच वाकडेपण खुपले. 1937 मध्ये त्यांनी किर्शनरच्या सहाशेहून अधिक कलाकृती जर्मन संग्रहालयांतून जप्त केल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याने दावोसला आत्महत्या केली.

चित्र पाहताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: कोणते वाकडेपण लाकडाने लादले आणि कोणते चित्रकाराने निवडले? शामेसच्या चेहऱ्यात दोन्ही एकाच घावात येतात, आणि ठशाचा जोर त्यातूनच येतो.

पुढच्या भागात : केटे कोलविट्झने आधी इतर छापतंत्रे वापरून पाहिली, मग लाकडाकडेच का वळली?