बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधील माहिती माफक खर्चात कशी वाचवावी?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाड जलमय झाले, पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा संकटात भिजलेल्या लॅपटॉपमधील कुटुंबाची छायाचित्रे वाचवावयाची असतील, तर आपण तो सुरू करून पाहू नये. हार्ड डिस्क वाळवूही नये. गाळ आतील तबकड्यांवर घट्ट बसतो. ती ओलसर असतानाच पिशवीत बंद करून तज्ज्ञांकडे न्यावी. डिस्क सुस्थितीत असून केवळ फायली पुसल्या गेल्या असतील, तर ‘फोटोरेक’ हे मोफत साधन उपयोगी पडते. मिळालेल्या फायली मात्र दुसऱ्या डिस्कवर साठवाव्यात. खडखड आवाज आल्यास धूळविरहित कक्ष लागतो व खर्च वाढतो. म्हणून मुंबई-पुण्यास डिस्क देण्यापूर्वी तपासणीचे शुल्क व ‘माहिती न मिळाल्यास आकार नाही’ ही अट आपण लेखी घ्यावी, असे आम्ही सुचवितो.