पश्चात्तापाला चाळीस वर्षे का लागली?

'अमेझिंग ग्रेस' हे ख्रिस्ती प्रार्थनागीत जगभर गायले जाते. अमेरिकेतील काळ्या बांधवांनी तर ते आपलेच केले. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्याने नऊ जणांचे बळी घेतले, तेव्हा अंत्यविधीच्या वेळी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी हेच गीत गायले. पण ते लिहिणारा माणूस गुलामांचा व्यापारी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जॉन न्यूटन हे त्याचे नाव. १७२५ साली लंडनला जन्मलेला हा खलाशी. मार्च १७४८ मध्ये त्याचे जहाज अटलांटिकच्या वादळात सापडले. मरण समोर दिसताच त्याने देवाचा धावा केला. पुढची कथा अशी सांगतात, की त्याला उपरती झाली, त्याने गुलामांचा धंदा सोडला आणि गीत लिहिले. कथा गोड आहे. पण खोटी आहे!

त्या वादळानंतरच न्यूटन गुलामवाहू जहाजाचा कप्तान झाला. १७५० ते १७५४ या काळात त्याने अशा तीन सफरी केल्या. वर डेकवर रविवारची प्रार्थना चाले आणि खाली तळात बेड्या ठोकलेली आफ्रिकन माणसे कोंबलेली असत. बंडाच्या संशयावरून मुलांचे अंगठे यंत्रात आवळल्याची नोंद त्याच्याच रोजनाम्यात आहे. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृती ढासळली म्हणून. पुढे तो धर्मगुरू झाला. ओल्नी या गावी १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी त्याने हे गीत रचले. त्यात स्वतःच्या पापाची कबुली आहे, पण गुलामांचे नावही नाही. त्या धंद्याविरुद्ध त्याने जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये. म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी!

इतका उशीर का? कारण तेव्हा हा धंदा कायद्याला मान्य होता, समाजात प्रतिष्ठित होता आणि धर्म त्याच्या आड येत नव्हता. १७८७ मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संघटना उभी राहिली. १७८९ मध्ये ओलाउडा इक्वियानो या एकेकाळच्या गुलामाने आपले आत्मचरित्र छापले. चळवळ पेटली, तेव्हा न्यूटनच्या शब्दाला किंमत आली. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. गुलामगिरी रद्द करणारा कायदा मात्र १८३३ चा. त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना छदामही नाही!

गीत रचले गेले त्याला बरोबर शंभर वर्षे झाली, तेव्हा १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना ती अर्पण केली. फुल्यांनी गौरव केला तो कृतीचा. १९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणाचे काम सवर्णांच्या हृदयपरिवर्तनावर सोपवले जात होते, तेव्हा बाबासाहेबांनी नागरी हक्कांच्या लढ्याचा आग्रह धरला. माणसाचे हृदय पालटते, पण कधी पालटेल याचा नेम नाही. तोवर तळातल्या माणसाने काय करावे?

न्यूटनचे एक मात्र मान्य केले पाहिजे. उशिरा का होईना, त्याने स्वतःविरुद्ध साक्ष दिली. मी हे केले, असे नाव-गाव-तपशिलासह सांगितले. आपल्याकडे 'आता जात कुठे राहिली?' असे विचारणारे खूप भेटतात. आमच्या घराण्याने, आमच्या गावाने काय केले, हे लिहून ठेवणारे किती?

त्यांच्या पश्चात्तापाची वाट पाहत बसणे हे आपले काम नव्हे. आपला भरवसा संविधानावर आणि संघटनेवर आहे!